कुडापलीकडचं बोलणं

आमच्या गावच्या देवळात कुणी कुठे बसायचं हे कुणी ठरवून दिलेलं नव्हतं, तरी ते प्रत्येकाला पक्कं ठाऊक होतं. गाभाऱ्याजवळ दोन-तीन मोठे जमीनदार, त्यांच्यामागे बैलजोडीवाले, मग बाकीचे. अगदी शेवटी, चपलांच्या ढिगाशेजारच्या खांबाला टेकून माझे वडील. गाव खालापूरपासून चालत तासाभरावर. पन्नास-पंचावन्न उंबरे, भाताची खाचरं आणि खाली नदी. वर्षातून चार-सहा वेळा गावकी भरायची. विहिरीतला गाळ कधी काढायचा, बांध कुठे घालायचा, जत्रेची वर्गणी कशी जमवायची, असले विषय. वडील प्रत्येक वेळी काहीतरी बोलायचे आणि प्रत्येक वेळी ते वाया जायचं.

मी लहान असताना देवळाच्या पायरीवर बसून हे पाहिलेलं आहे. वडील म्हणायचे, "गाळ होळीच्या आधी काढा. मागनं काढलात तर झरे बुजतील." पुढून कुणीतरी मान न वळवता म्हणायचं, "बस रं तू." वडील बसायचे. तसे ते बसलेलेच असत. नुसते गप्प व्हायचे.

माझा स्वभाव तेव्हापासूनच चिडका. मला त्या पुढच्या लोकांचा संताप यायचा. पण खरी गंमत वेगळीच होती, ती फक्त आमच्या घराला ठाऊक होती. वडील देवळात बोलायचे ते त्यांचं नसायचंच. ते आईचं असायचं.

आमचं जुनं घर कुडाचं होतं. कारवीच्या काठ्या उभ्या करून वर शेणमाती लिंपली की कूड होतो. वारा अडतो, पाऊस बऱ्यापैकी अडतो, बोलणं मात्र अडत नाही. वडील ओटीवर बसायचे, आई आत चुलीपाशी. मध्ये तो कूड. संध्याकाळी वडील भिंतीला पाठ लावून विचारायचे, "अगं, विहिरीचं काय करावं?" आतून तांदूळ पाखडण्याचा आवाज थांबायचा, आई दोन वाक्यं बोलायची, पुन्हा सूप सुरू. त्यांना समोरासमोर बसून बोलताना मी फारसं पाहिलं नाही. पण त्या कुडातून जेवढं बोलणं आरपार गेलं, तेवढं पुढे मी कुठल्याच नवरा-बायकोत पाहिलं नाही.

आईचं माहेर कर्जतच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी. ती शाळेत गेली नव्हती. पण भाताच्या बियाण्यातलं तिला जेवढं कळायचं तेवढं गावात कुणाला कळत नव्हतं. कापणीच्या आधी ती एकटी खाचरांतून फिरायची आणि चांगल्या लोंब्या हेरून ठेवायची. तेवढंच भात वेगळं कापायचं, वेगळं झोडायचं, वाळवायचं आणि पेंढ्याच्या मुड्यात घट्ट बांधून माळ्यावर ठेवायचं. बांधण्याआधी एक दाणा दाताखाली धरायची. कट्‌कन वाजला तर बी वाळलं. नुसता दबला तर मुडा बांधायचा नाही, पुन्हा उन्हात. कुठल्या खाचरात काय लावायचं हेही तिचं ठरलेलं. वरच्या उथळ खाचरांत लवकर पिकणारं हळवं. नदीकाठच्या खोल खाचरांत उंच वाढणारं, उशिरा पिकणारं गरवं. कारण श्रावणात नदी फुगली की त्या खोल खाचरांत चार-चार दिवस पाणी तुंबायचं, आणि त्या पाण्याच्या वर मान काढून उभं राहायचं ते गरवंच.

मी दहावी-अकरावीच्या सुमाराला असताना आमचे दिवस पालटले. वाटणीत थोड्या खाचरांबरोबर वडिलांच्या वाट्याला आला होता तो सगळ्यात वाईट तुकडा, गवताशिवाय काही न उगवणारा खडकाळ माळ. धाकटे म्हणून ते बोलले नाहीत. पदरी पडलं पवित्र झालं. आणि नेमका त्याच माळाला भाव आला. पाताळगंगेच्या काठी कारखाने उभे राहत होते, रसायनीकडे रस्ते, वसाहती चालल्या होत्या, आणि कुणा मोठ्या माणसाला सडकेलगतची अशीच सपाट, कोरडी जमीन हवी होती. किती पैसे मिळाले ते मला कधी कुणी सांगितलं नाही. एवढं खरं की त्या साली आमच्या घरी पितळी समई आली, रेडिओ आला, आणि पुढच्या साली कुडाच्या घराशेजारी विटांचं घर बांधायला काढलं.

पैसा आल्यावर गावकी भरली तेव्हा वडील नेहमीसारखे खांबाशी गेले. पुढून हाक आली, "अवो, तिथं कुठं? वर या, वर या." लोक सरकले. वडील अवघडून पुढे जाऊन बसले. विषय पुन्हा विहिरीचाच होता. वडील तेच बोलले जे आठ वर्षं बोलत होते, शब्दही तेच. आणि सगळ्यात मोठे जमीनदार मान डोलावून म्हणाले, "खरं हाय. होळीच्या आधीच काढला पायजे." मागच्यांनी लगेच री ओढली. त्या वर्षी गाळ होळीच्या आधी निघाला.

वडील घरी आले ते हसतच. नवं घर अजून पुरं व्हायचं होतं. ते कुडाला टेकून म्हणाले, "अगं, आज तुझं ऐकलं लोकांनी." आतून आईचं हसू ऐकू आलं. मला वाटतं, आमच्या घरातला तो सगळ्यात चांगला दिवस होता. पैसा आला त्या दिवसापेक्षाही चांगला.

मग मात्र विचारणारे वाढले. असतील शिते तर जमतील भुते, हे आम्ही घरबसल्या पाहिलं. कुणाच्या पोरीला स्थळ आलं, विचारा शेटना. वडिलांना आता शेट म्हणायला लागले होते. कुणाचा बैल लंगडतो, विचारा शेटना. खालापूरच्या कुठल्या डॉक्टरकडे जावं, कचेरीत अर्ज कुणी लिहावा, विचारा. माझ्या वडिलांना बैलातलं काही कळत नव्हतं, स्थळातलं तर त्याहून नाही. सुरुवातीला ते म्हणायचे, "मला यातलं ठावं नाय." लोकांना तो विनय वाटायचा. सहा महिन्यांनी त्यांनी तसं म्हणणं सोडून दिलं. माणसाला दहा जण रोज शहाणा म्हणू लागले तर अकरावा तो स्वतः होतो. मी वडिलांना दोष देत नाही. निदान त्या भागासाठी देत नाही.

आणि नवं घर पुरं झालं. नऊ इंची विटांची भिंत, गिलावा, रंग. ओटीवर खुर्च्या. स्वयंपाकघर मागे, मध्ये एक खोली. वडील ओटीवर काय बोलतात ते आईला ऐकू जायचं नाही आणि आई आत काय म्हणते ते ओटीवर यायचं नाही. काही विचारायचं तर वडिलांना उठून, मधली खोली ओलांडून आत जावं लागायचं, तेही समोर माणसं बसलेली असताना. शेट उठून बायकोला विचारायला गेला हे कसं दिसलं असतं? ते जाईनासे झाले. भांडण नाही, तंटा नाही, नुसती एक भिंत पक्की झाली.

त्याच काळात नवं बियाणं आलं. बुटक्या वाणाचं भात, खत दिलं की लोंब्यांनी लगडणारं. सरकारी माणूस पोती आणि छापील कागद घेऊन आला होता. पहिल्या वर्षी चार-पाच जणांनी वरच्या खाचरांत लावून पाहिलं. पीक खरंच दांडगं आलं. लोक बांधावर उभे राहून बघत बसायचे. मग पुढच्या उन्हाळ्यात प्रश्न निघाला, की आता खोल खाचरांतही हेच पेरायचं का? खोल खाचरं म्हणजे गावाची निम्मी शेती. वर्षाचा निम्मा भात.

गावकी या वेळी देवळात भरली नाही. आमच्या ओटीवर भरली. हे कसं झालं ते कुणी विचारलं नाही.

मी तेव्हा शिक्षिकेच्या शिक्षणाला होते, सुट्टीत घरी आले होते. शिकलेली म्हणून मला तो छापील कागद मोठ्याने वाचायला सांगितला. मी वाचला. त्यात एक ओळ होती की हे वाण पाण्याचा निचरा होणाऱ्या जमिनीत लावावं. ती मी वाचली, पण बाकीच्या ओळींसारखीच, एका सुरात. मला स्वतःलाच तिचा अर्थ तेव्हा लागला नाही.

आईला लागला. ती मधल्या खोलीत येऊन उभी होती हे मला माहीत नव्हतं. ती उंबऱ्यापर्यंत आली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि सगळ्या पुरुषांसमोर बोलली. अशी ती आयुष्यात एकदाच बोलली.

"खोल खाचरांत हे नको. याचा कणा आखूड हाय. पानी चार दिस ऱ्हायलं तर गुदमरंल. तिथं आपलं गरवंच ऱ्हाऊ द्या."

कुणी तिच्याकडे पाहिलं नाही. एक म्हातारे घसा खाकरून वडिलांना म्हणाले, "शेट, तुमी काय म्हन्ता?"

वडिलांचा चेहरा लाल झाला होता. त्यांना ठाऊक होतं की बियाण्यातलं कुणाला कळतं. वर्षानुवर्षं त्याच मताची शिदोरी घेऊन ते देवळात गेले होते. पण समोर गाव बसलं होतं. ते म्हणाले, "ती तिचं काम बघंल. तुमी पेरा. सगळीकडं पेरा."

आई आत गेली. आणि मला लाज वाटली. मला वडिलांची लाज वाटली नाही, आईची वाटली. चारचौघांत कशाला बोलली, असं वाटलं. कागद माझ्या हातात होता. ती ओळ पुन्हा वाचून दाखवली असती तर कदाचित काही झालं असतं. मी मूग गिळून बसले. शिकलेली मुलगी!

त्या उन्हाळ्यात गावात जुन्या गरव्याचे मुडे सुटले. आता याचं काय काम म्हणून लोकांनी ते बी कांडून खाल्लं. पिढ्यान्‌पिढ्या माळ्यावर ठेवलेलं बियाणं दोन महिन्यांत पोटात गेलं. आमच्याकडचे मुडेही वडिलांनी खाली काढायला लावले. आईने त्यांतले दोन बाजूला ठेवले. डोंगराच्या पायथ्याशी ठाकर आदिवासींची ठाकरवाडी होती, तिथली एक म्हातारी दरवर्षी आमच्याकडे लावणीला यायची. आईची आणि तिची गट्टी होती. दोघींना कामाच्या वेळी एकमेकींशी बोलावं लागायचं नाही. आईने ते दोन मुडे तिला दिले आणि म्हणाली, "लाव कुठंतरी. जपून ठेव." वडिलांना ते कळलं की नाही, मला माहीत नाही.

श्रावणात नदी फुगली. काही वेगळं झालं नाही, दरवर्षी फुगायची तशीच. पाणी खोल खाचरांत शिरलं आणि पाच दिवस राहिलं. मी तेव्हा सुट्टी काढून घरी आले होते. पाणी ओसरल्यावर बांधावर उभी राहिले. पूर्वी अशा वेळी हिरवी पाती चिखलाने माखलेली पण उभी दिसायची. या वेळी काहीच नव्हतं. रोपं तळाशी आडवी झोपली होती आणि कुजल्याचा वास येत होता. गावाची निम्मी शेती बसली.

मला वाटलं, आता तरी. आता तरी लोक म्हणतील की ती बाई बरोबर बोलली होती. माणूस मूर्ख असतो तो असा.

वडिलांवर कुणी बोट ठेवलं नाही. "पाऊसच तसा झाला, शेट तरी काय करनार?" असं म्हणाले. गरिबाने असला सल्ला दिला असता तर त्याला सात पिढ्या ऐकवलं असतं. श्रीमंताची चूक मात्र पावसाच्या माथी गेली. आणि आईचं काय झालं? विहिरीवर बायका बोलू लागल्या की तिची जीभ काळी आहे. तिने गुदमरंल म्हटलं आणि गुदमरलं. शुभ कामाच्या बोलण्यात बाई असलं अभद्र बोललीच कशी? लग्नाच्या बोलणीला, पेरणीच्या नारळाला लोक तिला टाळायला लागले. हे तिच्या कानावर आलं. तिने मत देणंच सोडलं. "आमटीत मीठ बरोबर आहे का गं?" असं मी विचारलं तरी म्हणायची, "तूच बघ."

पुढच्या वैशाखात गाव अडचणीत आलं. खोल खाचरांत बुटकं भात लावायची कुणाची छाती नव्हती आणि गरव्याचं बी कुणाकडे उरलं नव्हतं. अशात एका सकाळी ठाकरवाडीची म्हातारी आमच्या मागच्या दारी आली. डोक्यावर मुडा, मागे तिची सून, नातू, वाडीतली दहा-वीस माणसं, सगळ्यांच्या डोक्यांवर मुडे. वाडीतल्या चार घरांनी मिळून ओढ्यालगतच्या तुकड्यांत ते बी लावलं होतं. तिथेही पाणी चढलं होतं, पण भात उभं राहिलं. तिने तिच्या बोलीत आईला एवढंच सांगितलं की तुझी ठेव आहे, घे.

बातमी ओटीवर गेली. लोक जमले, मुडे बघितले आणि कुजबुज सुरू झाली. वाडीवरचं बी, भेसळ असंल, ओलं असंल. त्या बाईला नीट बोलता येत नाही, तिच्या बियाण्याचा काय भरवसा? म्हातारी अंगणात उन्हात उभी होती. तिला कुणी काही विचारलं नाही. सगळे वडिलांकडे बघत होते. एकदा घात झाल्यावरही त्यांच्याकडेच.

वडील उठले. त्यांनी मधली खोली ओलांडली आणि स्वयंपाकघरात आले. दोन वर्षांत पहिल्यांदाच आले असावेत. मी चुलीपाशी होते. ते आईसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "काय करू?"

आई त्यांच्याकडे बघत राहिली. म्हणाली, "माझी जीभ काळी हाय." आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. वडिलांनी मान खाली घातली. मग आईने पुढ्यातल्या मुड्यातून एक दाणा काढला आणि दाताखाली धरला. कट्‌ असा आवाज झाला. तिने दुसरा दाणा वडिलांच्या तळहातावर ठेवला.

वडील बाहेर गेले, सगळ्यांसमोर त्यांनी तो दाणा चावला आणि म्हणाले, "बी चांगलं हाय. मी बघितलंय." झालं. लोकांनी म्हातारीला धान्य मोजून दिलं आणि मुडे उचलले. त्या साली निम्मी खोल खाचरं लागली, पुढच्या साली सगळी. आजही आमच्याकडे त्या भाताला शेटचं भात म्हणतात. वडिलांनी ते नाव खोडून काढायचा एक-दोनदा प्रयत्न केला. कुणी ऐकलं नाही. तेवढी एकच गोष्ट असेल, जी श्रीमंत झाल्यावरही त्यांची लोकांनी ऐकली नाही.

पुढे वडील थकले. कुणी काही विचारायला आलं की म्हणायचे, "आत जाऊन तिला इचारा." लोक हसायचे, शेट थट्टा करतात म्हणून. जे खरंच आत जायचे त्यांना आई म्हणायची, "घरधन्यांना इचारा." वडील गेले ते हे दुखणं घेऊनच गेले, असं मला वाटतं.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी शेवटी मुंबईची माणसं कर्जत-खालापुरात जमिनी धुंडाळू लागली. शनिवार-रविवार राहायला बंगले हवेत म्हणून. आमच्या नदीकाठच्या खोल खाचरांना गिऱ्हाईक आलं. माती टाकून, भराव घालून तिथे बंगले बांधणार होते. माझ्या दोघा भावांना विकायची घाई होती. मी तोवर कर्जतला शाळेत मुख्याध्यापिका झाले होते, माझा पगार होता, दहिवलीला स्वतःचं छोटं घर होतं. भावांनी मला बोलावून घेतलं.

मी आधी आईकडे गेले. ती मागच्या पडवीत शेंगा निवडत होती. मी विचारलं, "आई, तुला काय वाटतं?" तिने दोन किडक्या शेंगा बाजूला टाकल्या. मग तिने विचारलं, "शाळंत तुझं ऐकत्यात का गं?"

"ऐकतात."

"मंग सांगते. पन माझं नाव घालू नको." शेंगा निवडता निवडताच ती बोलली. "पान्याला ऱ्हायला जागा लागती. ती खाचरं भरलीस तर श्रावणात पानी कुठं जाईल? वर येईल, घरांत शिरंल. इकायचं तर वरचं इका. खोलातलं नको."

मी ओटीवर गेले. भाऊ होते, गिऱ्हाईकाचा माणूस होता, गावातले चौघे होते. मी तेच बोलले. पाणी कुठे जाईल ते समजावून सांगितलं, जरा शाळेच्या भाषेत. थोरला भाऊ विचारात पडला. गावातले एक जण म्हणाले, "बाईंचं बरोबर हाय. शिकलेलं मानूस ते शिकलेलं मानूस." बाकीच्यांनी माना डोलावल्या. व्यवहार मोडला. ती खाचरं अजून आमची आहेत.

मी आत आले. विटांच्या भिंतीतून आईला काहीच ऐकू गेलं नव्हतं. ती तशीच बसली होती, फक्त हात थांबले होते.

"काय म्हनाले?"

"नाही विकायचं म्हणाले."

"तुझं ऐकलं तर."

आज तुझं ऐकलं लोकांनी, हे वडिलांचं वाक्य मला ठाऊक होतं. कुडाला टेकून, हसत म्हटलेलं. ते उच्चारायला मला एक क्षण लागला असता. पण ओटीवरच्या त्या माना अजून माझ्या डोळ्यांसमोर डोलत होत्या, आणि खोटं कशाला सांगू, मला ते आवडलं होतं.

"हो," मी म्हणाले, "माझं ऐकलं."

आईने मान हलवली आणि शेंगा पुन्हा निवडायला घेतल्या.